वाडी म्हणजे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला भाजीबाजारात गाठले आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला मनाच्या आरोग्यावर कोणीतरी बोलायला हवे. तुम्ही बोला." मी म्हटले, "अहो, मी शाळेत भूगोल शिकवणारी. मनाविषयी बोलायला एखादे डॉक्टर बोलवा." तर त्या म्हणतात, "मागे डॉक्टर बोलावले होते. निम्म्या बायका चहाची वाट पाहत बसल्या होत्या. तुम्ही स्वतः जाऊन आलेल्या आहात, तुम्हीच सांगा." आता हे त्यांनी टोमॅटोच्या पाटीपुढे उभे राहून मोठ्याने म्हटल्यावर लपवायचे ते काय उरले! तेव्हा आज मी उपदेश करणार नाही. मन आजारी पडले तर आपल्या घरादाराची, आपल्या बोलीची आणि रीतिरिवाजांची जाण ठेवणारा माणूस कसा शोधावा, आणि तो शोधताना मी कुठे कुठे ठेचकाळले, तेवढेच सांगणार आहे.

माझे सासर आगाशीकडचे. लग्न होऊन आले तेव्हा घरामागे वाडी होती. केळी, पानवेली, मोगरा, आणि टोकाला बावखल. सासूबाई पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरला जात आणि दहाच्या आत परत येऊन वाडीत हजर असत. पुढे विहिरीचे पाणी मचूळ होत गेले, आजूबाजूची बावखले बुजली, कामाला माणूस मिळेना, आणि शेवटी चारही भावांनी मिळून वाडी विकली. कोणी कोणाला फसवले नाही, भांडण नाही, तंटा नाही. त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हांला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. पेढे वाटले. लिफ्ट आली, नळाला पाणी आले. चारचौघांत सुखच म्हणायचे ते.

आणि वर्षभरात माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग येई आणि अंथरुणात पडल्यापडल्या रहाटाचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटे. छातीत जळजळ, हातापायांना मुंग्या, जेवणावरची वासना गेलेली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, छातीचा आलेख काढला. सगळे ठीक. मग एका नातलग बाईने "बाहेरचे असेल" म्हणून अंगारा आणून दिला, तो मी लावला. दुसरीने जीवदानीला नवस बोलायला सांगितले, तोही बोलले. खोटे कशाला सांगू? रात्री तीन वाजता माणूस शास्त्र-अशास्त्र पाहत नाही. शेवटी डॉक्टरांनीच हळूच सांगितले की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस विद्वान, सभ्य. थोडे हिंदीत, थोडे इंग्रजीत विचारत होते, मराठी त्यांना समजत होते. "काय झाले?" म्हणाले. मी म्हटले, "आमची वाडी गेली." त्यांनी मान हलवून कागदावर लिहिले, 'प्रॉपर्टी'. मला ते उलटे असूनही वाचता आले. तीस वर्षे मुलांच्या वह्या टेबलाच्या पलीकडून वाचल्या आहेत. मग पंधरा मिनिटे हिस्से किती, पैसे कोणाच्या नावावर, यजमानांनी मला विचारून सही केली का, हेच चालले. शेवटी म्हणाले, की आपल्या समाजातल्या बायका स्वतःसाठी जगत नाहीत, तुम्ही घरात ठामपणे नाही म्हणायला शिका. गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन मी दोन दिवस आमच्या यजमानांकडे संशयाने पाहत होते, की यांनी खरेच मला न विचारता सही केली की काय! तिसऱ्या दिवशी माझे मलाच हसू आले आणि गोळ्या बंद केल्या. ही मात्र माझी चूक. औषध आपल्या मनाने कधी बंद करू नये.

तेव्हा मी ठरवले की आपल्याच ज्ञातीतले, आपल्याच बोलीतले कोणीतरी हवे. एकाने एक समुपदेशिका सुचवल्या. पहिली पाच मिनिटे माहेरी आल्यासारखे वाटले. वाडी, रहाट, बावखल, काही म्हणून समजावून सांगावे लागले नाही. पण सगळे आधीच ठाऊक असल्यामुळे त्यांनी काही विचारलेही नाही. "सगळ्यांच्याच वाड्या गेल्या, बाई. आपल्याकडच्या बायका अशा खचत नाहीत. तुमच्या सासूबाई पाहा बरे!" असे म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी एका लग्नात यजमानांच्या मामी मला अक्षता देतादेता विचारतात, "काय गं, आता लागते का झोप?" मी मांडवातून तशीच घरी आले.

भगिनींनो, माझ्या मते पहिल्या अनुभवापेक्षा हा दुसरा अधिक शिकण्यासारखा आहे. आपण म्हणतो, 'आपला माणूस हवा.' पण आपल्या वसईत 'आपला' म्हणायचे तरी कोणाला? विरारची गाडी वसई रोडला रिकामी होते तेव्हा त्यातून कोण कोण उतरते ते पाहा. वाडवळ, सामवेदी, आगरी, भंडारी, कोळी. सांडोर-निर्मळ-नंदाखालची ख्रिस्ती मंडळी. पूर्वेच्या डोंगराकडचे वारली आणि कातकरी. गिरणगावातल्या खोल्या सोडून आलेली कोकणातली कुटुंबे. गुजराती, उत्तरेकडचे, मुसलमान, सिंधी. ज्याने त्याने आपल्याच जातीचा समुपदेशक शोधायचा म्हटले तर जन्म जायचा. आणि सापडला तरी त्याच्याकडे आपल्या भाषेबरोबर आपले सगळे पूर्वग्रहही असायचे. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईला 'आपल्यात असे चालतेच' म्हणणारा आपला माणूस काय कामाचा? ज्या मुलीला जातीबाहेर लग्न करायचे आहे, तिला तर आपल्या लोकांपासूनच थोडे लांबचे कोणी हवे असेल.

मग मला भेटली ती तिसरी. एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, दहा रुपयांचा केसपेपर काढून, दोन तास बाकावर बसल्यावर. तिशीच्या आतली मुलगी, सोलापूरची, घरी तेलुगू बोलणारी. मी मनात म्हटले, ही मला काय समजणार! पुन्हा तेच वाक्य बोलले, "आमची वाडी गेली." तिने लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "वाडी म्हणजे काय हो, काकू? आमच्याकडे वाडी म्हणजे दहावीस घरांची वस्ती. तुमचे आख्खे गाव गेले का?"

वर्षात पहिल्यांदा मी मोठ्याने हसले. मग तिच्याकडून कागद मागून घेतला आणि नकाशा काढला. भूगोलाची सवय! इथे विहीर, इथून पाट जायचा, इथे पानवेली, या दगडावर सासूबाई संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या मोजायच्या. त्या दगडापर्यंत आले आणि पुढचे काढता येईना. ती काही बोलली नाही, पाण्याचा पेला पुढे केला.

दुसऱ्या भेटीत तिने विचारले, "तुमच्याकडे माणूस गेले की काय काय करतात?" मी दहावे, बारावे, तेरावे, वर्षश्राद्ध सगळे सांगितले, कोण येते, कोण जेवण पाठवते तेही सांगितले. ती म्हणाली, "आणि वाडी गेली तेव्हा?" मी म्हटले, "पेढे वाटले."

त्यानंतर तिने यजमानांना बोलावून घेतले. मला वाटले, हे येणारच नाहीत. आले, खुर्चीच्या कडेवर बसले, आणि तिने दोन प्रश्न विचारल्यावर म्हणाले, की मीही तीनला जागा असतो, ही झोपली आहे असे समजून पडून राहतो. चाळीस वर्षांचा संसार आणि एका भिंतीकडे तोंड करून दोघेही जागे! तिथल्याच डॉक्टरांनी गोळी दिली, ती सहा महिने नेमाने घेतली. गोळीने झोप आली आणि बोलण्याने बाकीचे झाले. त्यातले एकच पुरले असते असे मला वाटत नाही.

हे सांगून मी थांबले असते, पण मास्तरणीचा स्वभाव. माझ्याच बाबतीत असे का झाले, याचा मी पुढे थोडा शोध घेतला. जे हाती लागले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली 'संगाथ' नावाची संस्था काढली. तिथल्या संशोधनात असे दिसले की अंगावरून पांढरे जाते, थकवा आहे, पाठ दुखते अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या पुष्कळ बायकांना तसा जंतुसंसर्ग नसतोच. बोलते केले की मनावरचा भार बाहेर येतो. आपण 'मला उदास वाटते' असे म्हणतच नाही. आपण 'कंबर धरली' म्हणतो, 'डोक्यात भुंगा फिरतो' म्हणतो, 'जीव घाबराघुबरा होतो' म्हणतो. हे ज्याला कळत नाही तो वैद्य एकतर कंबरेचा फोटो काढतो, नाहीतर 'तुम्हांला काही झालेले नाही' म्हणून घरी पाठवतो. गोव्याला येण्यापूर्वी डॉ. पटेल आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात काम करत होते. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ काय, तर फार विचार करणे. पाहा, समुद्रापलीकडची बाईसुद्धा भुंग्याचीच तक्रार करते!

त्याच गोव्यात पुढे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, तिथल्याच, तिथलीच भाषा बोलणाऱ्या स्त्रियांना शिकवून तयार केले आणि आरोग्यकेंद्रांत बसवले. त्या कोणाला 'तुम्हांला मानसिक आजार आहे' असे म्हणत नसत, ताण या साध्या शब्दाने सुरुवात करत. सरकारी आरोग्यकेंद्रांत आलेल्या रुग्णांना याचा चांगला गुण आला. हरारेत तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांनाच हे काम शिकवले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, आणि शेजारी ज्याला बोलायचे आहे तो. आपल्या मंडळात आज्यांना तोटा नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. अर्थात त्या आज्यांना आधी रीतसर शिक्षण दिलेले असते, आणि ऐकलेले पोटात ठेवायची त्यांच्यावर सक्ती असते. ही दुसरी अट आपल्याला जड जाईल.

आणखी एक आठवण सांगण्यासारखी आहे. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर होते. रुग्णालयात जागा नव्हती, तर त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना त्यांत आणून ठेवले. घरच्यांनीच रांधायचे, भरवायचे, आणि डॉक्टर रोज सगळ्यांशी मिळून बोलायचे. रोगी लवकर सुधारून घरी जाऊ लागले. आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते. म्हणून तुमच्याबरोबर सासूबाई आल्या तर त्यांना दाराबाहेर हुसकणारा समुपदेशक मला अर्धवट वाटतो. पण तुमच्याशी एकटीशी बोलायला वेळ न ठेवता सगळे सासूबाईंनाच विचारणारा, तो तर पुरताच अर्धवट! त्यांना दोन शब्द मानाने बोलून मग बाहेर बसवणारा चांगला.

तसेच, संवेदनशील म्हणजे बोलताबोलता गीतेतले श्लोक पेरणारा, असाही समज नको. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाहिया यांनी पतंजलीच्या योगावर आधारलेली उपचारपद्धती पुष्कळ वर्षे वापरून, तपासून पाहिली, ती विद्या. नुसता श्लोक म्हणजे विद्या नव्हे, आणि माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला तो ऐकवून काय उपयोग? तिला विचारायला हवे की तुम्ही फादरांशी बोललात का, प्रार्थनेने बरे वाटते का. आणि अंगाऱ्याचे म्हणाल, तर त्या सोलापूरच्या मुलीने मला हसून दाखवले नाही. "लावून बरे वाटते का? मग लावा, पण गोळी चुकवू नका," एवढेच म्हणाली. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात दुवा मागायला येणाऱ्यांना तिथेच दवाही देण्याची सोय केली होती, त्याच वाटेचे हे. मारहाण, उपास, साखळदंड सांगणारा भगत मात्र दारातही उभा करू नये. त्यासाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे.

कायद्यावरून आठवले. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवेचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. धर्म, संस्कृती, जात, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा आपला हक्क आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपले बोलणे आणि आजार गुप्त ठेवणे हेही बंधन आहे. म्हणजे लग्नमांडवातल्या मामींपर्यंत ते जाता कामा नये!

आता शोधायचे कसे? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक अशी पाटी मात्र कमी शिकलेलेही लावतात, म्हणून शिक्षण कुठे झाले हे विचारायला संकोचू नका. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतो ना? पहिल्याच भेटीत विचारावे, की मला माझ्या बोलीत बोलले तर चालेल का. आमच्यासारख्या घरातल्या बायकांशी तुमचे काम झाले आहे का. माझे बोलणे कोणाकोणाला कळेल. फी किती आणि किती भेटी लागतील. उत्तरापेक्षा चेहरा पाहा. प्रश्नाचा राग आला तर समजा. ज्याला आपल्या रीती ठाऊक नाहीत पण विचारतो, तो चालेल. ज्याला ठाऊक आहेत आणि तरीही विचारतो, तो मिळाला तर भाग्यच. पहिल्या भेटीत जमले नाही म्हणून शोध सोडू नका. मुलीला स्थळे पाहताना आपण काय पहिल्यावरच थांबतो?

ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथले काम मराठीत चालते, आणि घोडबंदर रस्त्याने आपल्याला जाता येते. मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे वेळ लागतो, पैसा कमी लागतो. ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही त्यांनी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी 'टेली-मानस' सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालते, आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक आपल्या मंडळाच्या फळ्यावर खडूने नको, रंगाने लिहून टाकू या.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. घरात कोणी 'मला जगायचे नाही' असे म्हणू लागले, किंवा कोणाला भलतेच दिसू-ऐकू लागले, तर आपल्या रीतीचा, आपल्या भाषेचा असले काही शोधत बसू नका. जवळचे जे रुग्णालय असेल तिथे त्याच घटकेला न्या, आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. निवडानिवड मागाहून करता येते.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आता मोगऱ्याच्या सात कुंड्या आहेत. यजमान पाणी घालतात आणि मी कळ्या मोजते. वाडीची सर नाही, पण आजचा अध्यक्षीणबाईंचा गजरा तिथलाच आहे.

दर गुरुवारी दुपारी चार ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसत जाईन. मी समुपदेशक नाही, सल्ला देणार नाही. पण कोणाला पहिल्यांदा जायचे असेल आणि एकटीने पाऊल उचलत नसेल, तर मी बरोबर येईन आणि बाहेरच्या बाकावर बसून राहीन. गाडीत कोणी विचारलेच, दोघी कुठे निघालात, तर दादरला साड्या बघायला म्हणून सांगू. तेवढे खोटे मला चालते. फक्त येताना एखादी साडी खरोखरच घ्यावी लागेल, त्याची तयारी ठेवून या.